अकरा मतं आणि नागोबाची जत्रा

संक्रांतीच्या सुट्टीत अख्खं हैदराबाद विजयवाड्याच्या रस्त्याला लागतं. ऑफिसातले तेलुगू मित्र आठवडाभर आधीपासून टोलनाक्यावरच्या रांगांच्या गोष्टी करतात. आम्ही मात्र उलट्या दिशेला जातो. मेडचल सोडलं की ४४ नंबरचा हायवे, सरळ उत्तरेला. कामारेड्डी, आर्मूर, मग सोनच्या पुलावर गोदावरी, निर्मल, आणि निर्मलच्या पुढे घाट. घाट म्हणजे आपला खंडाळा नव्हे, पण दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आहे. इथे मुलगी काच खाली करून हात बाहेर काढते आणि लगेच आत घेते. हाताला थंडी लागली की समजायचं, आजोळ आलं. माझं आजोळ, तिच्या आजीचं माहेर.

आपल्या मंडळात 'आदिलाबाद' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "नागपूरला जाताना लागतं ते?" हो, तेच. बहुतेकांनी ते गाडीतून पाहिलेलं असतं, थांबून कोणी पाहत नाही. नव्या पिढीसाठी थोडी ओळख करून देतो. तेलंगणाच्या उत्तर टोकाचा हा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ. जुना आदिलाबाद जिल्हा फार मोठा होता. ११ ऑक्टोबर २०१६ ला त्याचे चार भाग झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि हैदराबादच्या पेपरात 'राज्यातली सर्वात कमी तापमानाची नोंद' म्हणून आमचं नाव येतं. मे महिन्यात तोच पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हाही नाव येतं. एरवी येत नाही.

जैनद, बेला या पट्ट्यात काळी जमीन, कापूस, आणि घराघरात मराठी. ही मराठी पुस्तकातली नाही. वऱ्हाडीत तेलुगू आणि हैदराबादी उर्दू कालवली की जी होते ती. बाबांच्या बदल्यांमुळे माझी शाळा इथेच, मामाकडे राहून झाली. अठरा वर्षांचा झालो तेव्हा मतदारयादीत नाव इथेच लागलं. आईचंही. ते अजून इथेच आहे, आणि या लेखाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मामाचा धाकटा मुलगा, आमचा लहान्या. वय सत्तावीस. कृषी पदवी झाल्यावर मी त्याला हैदराबादला बोलावत होतो, ॲग्रीटेक कंपन्यांत ओळखी होत्या. तो आला, सहा महिने राहिला आणि परत गेला. परत जाऊन त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शाळेच्या छतावर पर्जन्यमापक बसवला. मग एक वही. रोजचा पाऊस, रोजचं कमाल-किमान तापमान, गावातल्या ठरवलेल्या सात विहिरींची पाणीपातळी. चार वर्षांच्या वह्या आहेत त्याच्याकडे. मी म्हटलं, "एक्सेलमध्ये टाक ना." तो म्हणाला, "एक्सेल मास्तरले दिसत नाही दादा, वही दिसते."

वहीतून त्याला जे दिसलं ते सांगायला तो घरोघर जाऊ लागला. मृगात दोन दमदार पाऊस, लोक कापूस पेरतात, मग तीन आठवडे आभाळ कोरडं आणि दुबार पेरणी. मग ऑगस्टमध्ये दोन दिवसांत असा पाऊस की नाला शेतात शिरतो. पोरांना घेऊन त्यानं बांधावर करंज, कडुलिंब लावले. त्यातले निम्मे बकऱ्यांनी खाल्ले. मग त्याचं लक्ष नाल्याकडे आणि पैनगंगेच्या काठाकडे गेलं. रेती. रात्री ट्रॅक्टर जायचे. रेती गेली की पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरींचं पाणी त्याच्या मागे जातं. ही साधी गोष्ट तो वहीतले आकडे दाखवून पटवत होता. अर्ज झाले, निवेदनं झाली, तहसील ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून झालं. प्रत्येक ठिकाणी त्याला एकच विचारायचे, "तू कोण?" सरपंच आहेस का, वॉर्ड मेंबर आहेस का?

मागच्या डिसेंबरात तेलंगणात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. ११, १४ आणि १७ डिसेंबर, तीन टप्पे. आमच्या गावचं सरपंचपद खुलं होतं. लहान्या उभा राहिला.

इथल्या पंचायत निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. उंगरम म्हणजे अंगठी, कात्री, फुटबॉल, बॅट असली चिन्हं वाटून देतात. लहान्याला कात्री मिळाली. माझ्या मुलीला हे फार आवडलं. तिनं फोनवर विचारलं, "काका, तू निवडून आलास तर सगळ्यांचे केस कापणार का?" सरपंचाची मतपत्रिका गुलाबी, वॉर्ड मेंबरची पांढरी, दोन्ही कागदी. सकाळी ७ ते दुपारी १ मतदान आणि २ वाजता तिथल्या तिथे मोजणी सुरू.

दुपारी १. हे मला माहीत नव्हतं.

विधानसभेसारखं संध्याकाळपर्यंत चालेल असं मी गृहीत धरलं होतं. आदल्या रात्री माझं रिलीज होतं. ठरलं होतं असं की पहाटेपर्यंत ते आटपेल, मग आमची सात सीटची गाडी काढायची, आई, मी आणि हैदराबादेत राहणारे गावातले चौघं, असे सहा मतदार दुपारी तीनपर्यंत पोचायचे. रिलीज लांबलं. सकाळी नऊला आईनं फोनवर मामीशी बोलताना 'एक वाजेपर्यंत' हे शब्द ऐकले आणि माझ्याकडे पाहिलं. तीनशे किलोमीटर. साडेपाच तास. त्या चौघांपैकी दोघं आदल्या रात्रीच समोरच्या उमेदवारानं पाठवलेल्या गाडीतून निघून गेले होते. त्यांनी मला मेसेज केला होता, मी पाहिला नव्हता. लहान्यानं गाडी पाठवली नव्हती. "मी गाडी पाठवली तर रेतीवाल्यात आन् माझ्यात फरक काय?" असं तो म्हणाला होता, आणि मी त्याला थम्सअप पाठवला होता.

तो अकरा मतांनी हरला.

मी हे गणित पुष्कळदा केलं आहे. आम्ही चौघं गेलो असतो तर चार मतं. ज्या दोघांनी समोरच्या गाडीत बसून समोरच्याला मत दिलं असं धरलं, ते आमच्या गाडीत असते तर आणखी चारांचा फरक. झाले आठ. तीन कमीच पडतात. या तीन मतांवर मी महिनाभर झोपलो.

म्हणून या वेळी आजोळी जाताना जरा जड वाटत होतं. तिळगुळाचा डबा होता, पण 'गोड बोला' म्हणायचं कोणी कुणाला?

मामीनं नेहमीसारखं केलं. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकर, अंबाडीचं लोणचं. लहान्या शेतातून आला. शेवटची वेचणी चालू होती, अंगावर कापसाचे धागे. काही झालंच नाही असा बसला. मग जेवता जेवता म्हणाला, "उद्या केसलापूरले जाऊ. अमावस्या हाय. वहिनीनं नागोबा पाह्यला नसंन." विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. या वर्षी ती १८ जानेवारीला, रविवारी होती. गुडीहतनूरला हायवे सोडायचा आणि उटनूरच्या रस्त्याला लागायचं. इथून काळी जमीन मागे पडते, टेकड्या सुरू होतात, गावांची नावं बदलतात आणि दुकानावर उभी माणसं गोंडी बोलायला लागतात. वाटेत इंद्रवेल्ली लागतं. तिथे रस्त्यापासून थोडं आत एक लाल रंगाचा स्तूप आहे. लहान्यानं गाडी थांबवायला लावली.

२० एप्रिल १९८१ ला इथे गोंडांची सभा होती, हातची गेलेली जमीन परत मागण्यासाठी. सभेची परवानगी नाकारली गेली, पण लोक आधीच गावागावांतून निघाले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. नागरी हक्कवाल्यांनी सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट. पुढे कित्येक वर्षं २० एप्रिलला इथे जमावबंदी लागायची. ज्यांची माणसं गेली त्यांनाही फूल वाहायला येता येत नसे. मी आदिलाबादला शिकलो, बारावीपर्यंत. शाळेत हे कोणी एकदाही सांगितलं नाही. बांगलादेशची निर्मिती मात्र तारखांसकट पाठ होती.

"आता पाह्य," लहान्या म्हणाला, "इथं आता मुख्यमंत्री येते." खरं आहे. २ फेब्रुवारी २०२४ ला रेवंत रेड्डी इथे आले, स्तूपाला वंदन केलं, केसलापूरला नागोबाचं दर्शन घेतलं आणि लोकसभेच्या प्रचाराची सुरुवात इंद्रवेल्लीच्या सभेतून केली. ज्या जागी जमायला बंदी होती तिथून प्रचार सुरू होतो, याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलं नाही. लहान्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही म्हणायचं."

स्तूपासमोर बसून तो जे बोलला ते मी जमेल तसं सांगतो. तो स्वतः गोंड नाही, पण निवडणुकीच्या आधी सहा महिने तो या भागात बराच हिंडला होता. 'आंदोलनातला माणूस निवडणुकीत गेला की काय होते' हे त्याला पाहायचं होतं, आणि त्यासाठी आदिलाबादपेक्षा चांगली जागा नाही.

पहिलं नाव सोयम बापूराव. 'तुडुम देब्बा' या आदिवासी संघटनेचे नेते. २०१९ ला भाजपकडून आदिलाबादचे खासदार झाले, तेव्हाच्या टीआरएसच्या गोडम नागेशना हरवून. २०२४ ला भाजपनं तिकीट कुणाला दिलं? गोडम नागेशना. ते दरम्यान भाजपमध्ये आले होते. बापूराव पुढे काँग्रेसमध्ये गेले. हा गुंता मी बायकोला दोनदा समजावून सांगितला, तिसऱ्यांदा तिनं नको म्हटलं.

दुसरं नाव आत्राम सुगुणा. सरकारी शाळेत शिक्षिका, मानवी हक्कांच्या कामात. २०२४ ला नोकरीचा राजीनामा देऊन काँग्रेसकडून त्याच गोडम नागेशांविरुद्ध लोकसभेला उभ्या राहिल्या. ४ जूनला निकाल लागला, नव्वद हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. पण पावणेपाच लाखांहून जास्त मतं मिळाली. लहान्याला त्यांचं सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर तो राजीनामा. "सरकारी नोकरी, दादा! आपल्याकडे माणूस बायको सोडंन, सरकारी नोकरी सोडणार नाही." (हे वाक्य वहिनीसमोर बोलल्याबद्दल त्याला तिथेच ऐकून घ्यावं लागलं.)

तिसरं नाव वेडमा बोज्जू. आदिवासी आंदोलनातून आलेला तरुण कार्यकर्ता, २०२३ ला खानापूरमधून आमदार झाला, पाच हजारांच्या आतल्या फरकानं. इंद्रवेल्ली आणि उटनूर त्याच मतदारसंघात येतात.

"मग?" मी विचारलं. "निवडून आल्यावर काय झालं?"

यावर लहान्यानं जीओ ४९ ची गोष्ट काढली, आणि तिथे मी अडकलो.

२०२५ च्या मे अखेरीस तेलंगणा सरकारनं ४९ नंबरचा जीओ काढला. आसिफाबाद जिल्ह्यातलं सुमारे १,४९२ चौरस किलोमीटर जंगल 'कोमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. इकडचं कव्वाल व्याघ्र प्रकल्प आणि तिकडचं ताडोबा यांना जोडणारा वाघांचा मार्ग सुरक्षित व्हावा हा हेतू. हैदराबादला बसून मी ती बातमी वाचली आणि मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांसाठी विद्यापीठातली मुलं रस्त्यावर आली होती. आमच्या ऑफिसपासून ते फार लांब नाही. मी ऑनलाइन अर्जावर सही केली होती, सुप्रीम कोर्टानं झाडतोड थांबवली तेव्हा आमच्या ग्रुपवर जल्लोष झाला होता. त्यामुळे जीओ ४९ म्हणजे सरकारला सुचलेली चांगली बुद्धी असंच वाटलं. मी ती बातमी शेअर केली, वर वाघाचं चित्र टाकून.

इथे त्याच बातमीनं गावांची झोप उडाली होती. राखीव क्षेत्र म्हणजे आज ना उद्या उठवणार, ही भीती. कुणी उठवणार नाही असं अधिकारी सांगत होते, पण ज्यांच्या पणजोबानं निजामाच्या वनखात्याचे हेच शब्द ऐकले होते ते का विश्वास ठेवतील? आदिवासी संघटनांनी बंद पुकारला आणि २१ जुलैला सरकारनं तो जीओ स्थगित केला. जिल्ह्यातल्या आदिवासी नेत्यांना आपल्याच माणसांसोबत उभं राहावं लागलं, मग पक्ष कुठलाही असो.

"तुमी लाइक केलं तवा इथं शटर बंद होते," लहान्या म्हणाला. चिडून नाही, सांगितल्यासारखं.

मी म्हटलं, अरे पण वाघांना रस्ता नको का? तापमान वाढतंय म्हणून वह्या तूच भरतोस ना? जंगल राहिलं पाहिजे हे तूच सांगतोस.

"राह्यलंच पाह्यजे. पण जंगलात राह्यणाऱ्याले इचारून."

मग त्यानं स्वतःच्या निवडणुकीचं सांगितलं, पहिल्यांदाच. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला. म्हणाली, बाबू, तू नाल्याचं बोलतो ते खरं हाय. माह्या विहिरीचं पाणी तू मोजतो, मले माहीत हाय. पण मले इंदिरम्माचं घर मंजूर झालं, त्याले रेती लागते. आन् माहा नातू रेतीच्या ट्रॅक्टरवर जाते, त्याच्या मजुरीवर घर चालते. तू सरपंच झाला तर रेती बंद. मग मी घर कायचं बांधू, आन् खाऊ काय?

"काय सांगितलंस मग?"

"काहीच नाही. माह्यापाशी उत्तरच नव्हतं. चार वर्षं मी पाणी मोजलं, दादा. किती घराले किती रेती लागते हे मोजलंच नाही."

त्याला वाटतं, ती आजी आणि तिच्यासारखी दहा-बारा घरं तिथे गेली. म्हणजे माझी ती आठ मतं त्याच्या हिशोबात नव्हतीच. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट अधिक ओशाळलो. आंदोलनात असताना त्याला रेतीवाला समोर दिसत होता, मत मागायला गेला तेव्हा ट्रॅक्टरवरचा पोरगा दिसला, आणि हे शिकायला तो एकटाच गेला होता. मी त्या वेळी प्रॉडक्शन सर्व्हरचे लॉग वाचत होतो.

दुपारी केसलापूरला पोचलो. नागोबा हे मेस्राम कुळाचं दैवत. पूजेआधी कित्येक दिवस मेस्राम लोक अनवाणी पायी गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूला जातात आणि झारीत पाणी घेऊन परत येतात. ते पाणी आलं की वडाच्या झाडांखाली मुक्काम, बैलगाड्या, चुली. अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं महापूजा. देऊळ आता दगडाचं, नवं आणि देखणं आहे. मेस्रामांनी आपसांत वर्गणी काढून ते बांधलं आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथे पूजा सुरू झाली. गर्दीत यवतमाळ, चंद्रपूरकडचे मेश्राम भेटले. आडनावात फक्त 'श' आणि 'स' चा फरक. त्यातल्या एका काकांनी मुलीला विचारलं, "कोणत्या गावची गं?" तिनं सांगितलं, "कोंडापूर." ते म्हणाले, "असंन इकडं कुठंतरी."

रात्री 'भेटिंग' होते. मेस्राम घराण्यात लग्न होऊन आलेल्या सुनांची नागोबाशी आणि कुळाशी ओळख करून देतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, रांगेत बसलेल्या सुना. ही ओळख झाल्याशिवाय ती कुळात धरली जात नाही. आम्ही लांबून पाहिलं. बायको म्हणाली, "माझी कुणी अशी ओळख करून दिली नव्हती, मला थेट पोळ्या लाटायला बसवलं होतं." यावर आईचा फोटो काढायचा मी टाळला.

जत्रेत पुढे काही दिवसांनी दरबार भरतो. जिल्हाधिकारी, आमदार, खासदार, मंत्री येतात आणि लोक आपली गाऱ्हाणी मांडतात. हा दरबार सुरू कसा झाला त्याचा धागा थेट जोडेघाटला जातो. 'जल, जंगल, जमीन' म्हणत निजामाविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. असं सांगतात की तरुणपणी तो चांद्याला विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याकडे राहिला आणि लिहाय-वाचायला तिथेच शिकला. त्याच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक एवढे का चिडले. ते शोधायला त्यांनी व्हिएन्नाचा एक मानववंशशास्त्रज्ञ नेमला, क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. तो मारलावाईला राहिला, गोंडी शिकला. जिथे सगळे एकत्र येतातच त्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनीही यावं, ही प्रथा १९४० च्या दशकात तेव्हापासून पडली. गोंडी मुलांसाठी तेव्हा वाचनमाला तयार झाली तीही देवनागरीत. आपले सेतुमाधवराव पगडी, ज्यांना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, तेही त्या काळात इथे अधिकारी होते, गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपल्या घरच्या कपाटांत पगडी असतात, हे पुस्तक मात्र मी कुणाकडे पाहिलेलं नाही.

व्हिएन्नावरून मला आठवलं. आमची एक टीम तिथे आहे. तिथल्या सहकारिणीनं मला लेना शिलिंगबद्दल सांगितलं होतं. व्हिएन्नाजवळच्या लोबाऊ या पाणथळ जंगलाखालून बोगदा जाणार होता. तो आणि त्याला जोडणारे रस्ते होऊ नयेत म्हणून २०२१ च्या ऑगस्टपासून तरुण मुलांनी तंबू ठोकले, भर हिवाळ्यात राहिली. त्यातली ही एक. २०२४ च्या जूनमध्ये, म्हणजे सुगुणा हरल्या त्याच आठवड्यात, ती तेविसाव्या वर्षी ग्रीन पक्षाच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून युरोपियन संसदेत निवडून गेली. प्रचारात तिच्या खासगी आयुष्यावरून बरीच चिखलफेकही झाली होती. मी हे लहान्याला आकाशपाळण्याच्या रांगेत सांगितलं. त्याला तिचं कौतुक वाटलं. मग विचारलं, "मत यादीले देते का माणसाले?"

"यादीला. पक्षाला जेवढी मतं तेवढ्या जागा."

"मग बरं हाय तिचं. तिले ट्रॅक्टरवरच्या पोराची आजी भेटली नसंन."

भेटलीही असेल, तिथेही रस्ता हवा असणारी माणसं असतातच. पण त्याचा मुद्दा मला कळला. गावात उभं राहायचं म्हणजे आपल्याच भावकीत, शेजारात, ज्यांच्या लग्नात वाढलं त्यांच्यासमोर उभं राहायचं. आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच धुऱ्यावरून शेतात जायचं.

महापूजेला रात्र झाली. ढोल, काळीकोम वाजत होते, थंडी हाडात शिरत होती. मुलगी माझ्या जॅकेटमध्ये झोपली. परतताना गाडी लहान्यानं चालवली, मी शेजारी. निर्मनुष्य रस्ता, मध्येच कोल्हा की मुंगूस काहीतरी आडवं गेलं. मी शेवटी म्हणालो, "त्या दिवशी चूक झाली माझी. वेळ तरी विचारायला हवी होती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईनं तुले सांगतलं नाही का, तुह्या नावापुढं मी पेन्सिलनं बरोबरची खूण केली होती. यादीत. येणारच म्हणून."

सकाळी निघताना त्यानं मला नवी वही दाखवली. पावसाची नाही. गावात मंजूर घरकुलं किती, एका घराला रेती किती, ती नाल्यातून कुठून काढली तर विहिरींना कमी धक्का, ट्रॅक्टरवर जाणारी पोरं किती, त्यांना दुसरं काय काम मिळेल. पहिली दोन पानं भरली होती. त्या आजीचं घर पहिल्या ओळीत. नव्या सरपंचाकडे तो ही वही घेऊन जाणार आहे, ज्यानं त्याला अकरा मतांनी पाडलं त्याच्याकडे. पुन्हा उभा राहणार का, असं मामानं त्याला विचारलं तर तो "पाच वर्षं हायेत" एवढंच म्हणाला. मामाला ते आवडलेलं नाही. मामाला अजूनही वाटतं त्यानं हैदराबादला जावं.

माझं नाव हैदराबादच्या यादीत घालून घ्यायचा फॉर्म गेले दोन वर्षं माझ्या फोनमध्ये अर्धवट भरून पडला आहे. इतके वर्षं इथे राहतो, पाणी इथलं पितो, मत इथेच असायला हवं हे मला कळतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "या वेळी तो फॉर्म पुरा करणार ना?" मी उघडला, पत्त्याचा रकाना पाहिला आणि तसाच ठेवला. आईनं मात्र मामीला फोन करून सांगून टाकलं की पुढच्या वेळी ती आदल्या दिवशीच एसटीनं येईल. तेलंगणात तिला एसटी नाही, आरटीसी म्हणतात, हे मी तिला सांगितलं. तिनं ते ऐकलं नाही.